'असंगत' ठरलेल्या वेली : वेलींच्या खोडातील द्वितीयक वृद्धीच्या अभ्यासाचा इतिहास
(विशेष संदर्भ : नांदगाव परिसरातील वेली)

प्रस्तावना

वनस्पतिशास्त्राच्या पदवी वर्गात खोडाची अंतर्रचना शिकविताना 'असंगत द्वितीयक वृद्धी' हे प्रकरण हमखास येते. आंबा, साग, कडुनिंब यांसारख्या वृक्षांचे खोड ज्या रीतीने जाड होते ती रीत 'सामान्य' म्हणून प्रथम सांगितली जाते. त्यानंतर या रीतीत न बसणाऱ्या वनस्पतींची एक यादी दिली जाते व ती 'असंगत' या शीर्षकाखाली विद्यार्थी पाठ करतात. या यादीत वेलींचा भरणा लक्षणीय असतो. वेलीच असंगत का ठरतात आणि त्यांना असंगत ठरविणारी संगती कोणी, कधी व कोणत्या झाडांवरून निश्चित केली, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. हा प्रश्न जितका वनस्पतिशास्त्राचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

प्रस्तुत लेखात वेलींच्या खोडाच्या अभ्यासाचा इतिहास मांडून 'असंगत' ही संज्ञा कशी रूढ झाली, तिचे परिणाम काय झाले आणि ती मागे का पडली, याचा आढावा घेतला आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील नांदगाव परिसरात सहज आढळणाऱ्या वेलींची उदाहरणे घेतली आहेत. नांदगाव तालुका जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व भागात येतो. ब्राझील अथवा सह्याद्रीच्या घनदाट अरण्यातील महालता येथे नाहीत. तथापि कडुनिंबावर चढलेली गुळवेल, कुंपणावरील वासनवेल, परसातील तोंडली आणि फाटकावरील बोगनवेल या नित्य परिचयाच्या चार वेली या विषयाचा गाभा समजून घेण्यास पुरेशा आहेत.

'सामान्य' वृद्धीचे प्रमाण

द्विदलिकित वृक्षाच्या खोडात ऊतककर म्हणजेच कॅम्बियम या विभाजनक्षम पेशींचे एक वर्तुळाकार वलय असते. हे वलय आतील बाजूस प्रकाष्ठ म्हणजे लाकूड आणि बाहेरील बाजूस परिकाष्ठ तयार करते. प्रकाष्ठातून पाणी वर चढते, तर परिकाष्ठातून अन्नरसाचे वहन होते. वर्षानुवर्षे हे कार्य सुरू राहिल्याने मध्यभागी लाकडाचा भरीव स्तंभ व त्याभोवती सालीचे पातळ वेष्टन अशी रचना होते. पाठ्यपुस्तकातील 'सामान्य द्वितीयक वृद्धी' ती हीच.

या ज्ञानाचा पाया सतराव्या शतकात इटलीतील मार्सेल्लो माल्पिगी व इंग्लंडमधील नेहेमिया ग्र्यू यांनी घातला. ग्र्यू यांचा वनस्पतींच्या शरीररचनेवरील ग्रंथ १६८२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८५८ मध्ये कार्ल नेगेली यांनी 'झायलेम' व 'फ्लोएम' या संज्ञा दिल्या. ऊतककराच्या पेशी कशा विभागतात याचे सूक्ष्म विवेचन कार्ल सानिओ यांनी १८७० नंतरच्या दशकात केले. त्यांच्या अभ्यासाची वनस्पती युरोपातील स्कॉट्स पाइन ही होती. थोडक्यात, ज्या प्रयोगशाळांत खोडाच्या वाढीचे नियम आकारास आले, त्यांच्या खिडकीबाहेर समशीतोष्ण प्रदेशातील सरळ उभे वृक्ष होते. त्या वृक्षांची रचना नियम म्हणून स्वीकारली जाणे स्वाभाविक होते. मात्र पृथ्वीवरील काष्ठमय वेलींचे मोठे वैविध्य उष्ण कटिबंधात आहे आणि त्या वेली या नियमाच्या घडणीत जवळजवळ अनुपस्थित होत्या.

उष्ण कटिबंधातील वेली आणि युरोपीय अभ्यासक

उष्ण कटिबंधातून परतणाऱ्या प्रवाशांनी वेलींच्या खोडांचे तुकडे युरोपात नेले तेव्हा त्यांचे छेद पाहून अभ्यासक चकित झाले. चार्ल्स गोदिशो या फ्रेंच वनस्पतिज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेलींच्या खोडांच्या छेदांची चित्रे दिली. कुठे लाकूड चार पाकळ्यांत विभागलेले, कुठे एकात एक अशी अनेक वलये, तर कुठे खोडच पट्टीसारखे चपटे, असे हे वैचित्र्य होते.

या संदर्भात हेरमान क्र्युगर यांचे लेखन विशेष उल्लेखनीय आहे. हे जर्मन वनस्पतिज्ञ त्रिनिदाद बेटावर वास्तव्यास होते. १८५० च्या सुमारास त्यांनी या विषयावर लिहिलेल्या लेखमालेच्या शीर्षकातच लाकडाच्या या रचनांना 'तथाकथित असंगत' असे म्हटले आहे. ज्याच्या रोजच्या पाहण्यात वेली होत्या, त्या अभ्यासकाला 'असंगत' या शब्दाआधी 'तथाकथित' जोडावेसे वाटले, ही बाब अर्थपूर्ण आहे. तथापि पुढील काळात क्र्युगर यांचे हे विशेषण मागे पडले व 'असंगत' तेवढे उरले. आंतोन द बारी यांच्या १८७७ च्या तुलनात्मक शरीररचनेवरील ग्रंथात सामान्य व असंगत जाडीवाढ असे दोन स्वतंत्र विभाग आहेत. १८८४ मध्ये या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले आणि ही विभागणी इंग्रजीतून शिकणाऱ्या जगात पोहोचली.

याच काळात वेलींकडे पाहण्याची दुसरी दृष्टीही आकार घेत होती. चार्ल्स डार्विन यांनी १८६५ मध्ये वेलींच्या हालचाली व सवयी यांवरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला व १८७५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. आधारासाठी फारसे लाकूड न घडविता प्रकाशापर्यंत पोहोचणे हा वेलीच्या जीवनक्रमाचा लाभ आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रिट्झ म्युलर यांनी १८६६ मध्ये ब्राझीलमधील काही वेलींच्या लाकडावर लिहिले. हाइन्रिश शेंक यांनी ब्राझीलमध्ये प्रत्यक्ष राहून केलेला वेलींच्या जीवनाचा व शरीररचनेचा अभ्यास १८९२-९३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. वेल कशी चढते आणि तिचे खोड आतून कसे असते, या दोन प्रश्नांची सांगड घालणारा हा पायाभूत ग्रंथ होय. म्हणजे वेलीच्या रचनेमागे तिच्या जगण्याचा तर्क आहे, हे एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच पुढे आले होते. पाठ्यपुस्तकांनी मात्र हा तर्क वगळून केवळ वैचित्र्यांची यादी उचलली.

'चक्रलक्षणिका' : भारतीय निघंटूंतील एक नोंद

वेलीच्या छेदाकडे पाहण्याची आणखी एक परंपरा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्र यांच्या 'भावप्रकाश' या ग्रंथाच्या निघंटू भागात गुळवेलीची म्हणजे गुडूचीची अनेक पर्यायी नावे आहेत. त्यांपैकी 'छिन्नरुहा' हे नाव तोडल्यावरही पुन्हा वाढण्याचा गुण सांगते. 'चक्रलक्षणिका' हे नाव त्याहून वेगळे आहे. जिच्या ठायी चक्राचे लक्षण दिसते ती, असा त्याचा अर्थ होतो आणि ते खोडाच्या आडव्या छेदास उद्देशून असल्याचे मानले जाते.

गुळवेलीचे बोटभर जाडीचे खोड आडवे कापले असता हे नाव किती नेमके आहे ते कळते. मध्यभागी लहानशी भेंड, तिच्याभोवती पाचरीच्या आकाराच्या प्रकाष्ठाच्या पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमधून केंद्रापासून परिघाकडे जाणारे रुंद, मऊ किरण अशी रचना साध्या डोळ्यांनीही दिसते. ती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी भासते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातही गुडूचीची ओळख सांगताना या पाचरीच्या आकाराच्या पट्ट्यांचे व रुंद किरणांचे वर्णन केले आहे.

या नोंदीचा अतिरेकी अर्थ काढणे योग्य ठरणार नाही. निघंटुकारांना ऊतककराची कल्पना नव्हती आणि त्यांचा हेतू वनौषधीची ओळख पटविण्याचा होता. तरीही दोन परंपरांमधील एक भेद नजरेत भरतो. निघंटूने वेलीचा छेद पाहून त्याचे लक्षण नोंदविले. युरोपीय ग्रंथांनी तसाच छेद वृक्षाच्या छेदाशेजारी ठेवून त्याचे विचलन नोंदविले. पहिल्या परंपरेत पेशींचे ज्ञान नव्हते, तर दुसऱ्या परंपरेत ते असूनही तुलनेचे माप वृक्षाचे होते.

वनखाते आणि वेली

'असंगत' ही संज्ञा ग्रंथापुरती राहिली असती तर तिचे महत्त्व मर्यादित असते. परंतु वृक्ष हेच प्रमाण मानण्याची दृष्टी वनव्यवस्थापनातही होती. १८६४ मध्ये डीट्रिश ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली भारतात वनखात्याची घडी बसली. या खात्याचे प्रमुख प्रयोजन इमारती लाकूड हे होते. जे. एस. गॅम्बल यांचा भारतीय लाकडांवरील ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ती १९०२ मध्ये निघाली. त्यात वृक्षांबरोबर काष्ठमय वेलींच्या लाकडाचीही नोंद आढळते. मात्र प्रत्यक्ष जंगलात सागासारख्या वृक्षांना विळखा घालणाऱ्या वेली तोडणे हे वनसंवर्धनाचे एक नियमित काम मानले जात होते. ज्या वनस्पतीची रचना ग्रंथात कुतूहलाचा विषय होती, तीच जंगलात अडथळा समजली जाई. लाकूड देणारा वृक्ष हे माप दोन्हीकडे समान होते.

भारतीय अभ्यासकांचे योगदान

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या विषयात स्वतंत्र भर घातली. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील आर. एच. दस्तूर यांनी १९२५ मध्ये आघाड्याच्या खोडातील वाहक पुलांच्या उगमाविषयी व मार्गाविषयी संशोधन प्रसिद्ध केले. आघाडा ही वेल नसली तरी तिचे कुल या प्रश्नाच्या केंद्रस्थानी होते. गणपतीच्या पत्रीत वाहिली जाणारी, बांधावर कोठेही उगवणारी ही वनस्पती मुंबईतील प्रयोगशाळेतून आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पोहोचली, हे महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात नोंद घेण्यासारखे आहे. पंचानन माहेश्वरी यांनी १९३० मध्ये पुनर्नव्याच्या म्हणजे आपल्याकडील घेटुळीच्या रचनेवर लिहिले. ए. सी. जोशी यांनी १९३७ मध्ये आघाडा व चाकवत यांच्या कुलांतील द्वितीयक वाहक ऊतींच्या उत्क्रांतीचा विचार मांडला. परदेशी ग्रंथांतील उदाहरणांवर न थांबता पायाखालच्या वनस्पतींचे छेद घेणे, हे या सर्व अभ्यासांतील समान सूत्र होय.

वेलींच्या बाबतीत हे सूत्र पुढे नेण्याचे काम बडोद्यात झाले. मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे १८६३ मध्ये जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाने १९४९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वेलींच्या खोडांवर सातत्याने संशोधन झाले आहे. किशोर राजपूत व के. एस. राव यांनी २००३ मध्ये वासनवेलीच्या खोडातील ऊतककराचे वेगळेपण व प्रकाष्ठाची रचना यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्या पाटील, राव व राजपूत यांनी २००९ मध्ये लाल फुलांच्या एका गणेशवेलवर्गीय वेलीत प्रकाष्ठाच्या आतील बाजूस परिकाष्ठ कसे निर्माण होते हे दाखविले. २०११ मध्ये पाटील व राजपूत यांनी ब्राझीलच्या कारमेन मार्काती यांच्यासमवेत तोंडलीच्या खोडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ब्राझीलमध्ये म्युलर व शेंक यांनी वेलींचे छेद घेतले, तेथील संशोधिकेने आपल्या परसातील तोंडलीवर सहलेखन करावे, हे दीडशे वर्षांत झालेल्या बदलाचे द्योतक आहे.

रचनेमागील तर्क

नांदगाव परिसरातील चार वेलींच्या आधारे या रचनांचे स्वरूप पुढीलप्रमाणे सांगता येते.

गुळवेलीत लाकडाच्या पट्ट्या रुंद मृदूतकीय किरणांनी एकमेकींपासून अलग राहतात. वासनवेलीत पहिल्या ऊतककराचे कार्य मंदावल्यावर त्याच्या बाहेर नवे ऊतककर तयार होते व असे पुनःपुन्हा घडून प्रकाष्ठ-परिकाष्ठाची एकाबाहेर एक वलये दिसतात. बोगनवेलीतही क्रमाने येणारी ऊतककरे आढळतात. स्वयंपाकघरात बीट कापल्यावर चकतीत दिसणारी वलये याच प्रकारच्या वाढीतून येतात. तोंडलीत परिकाष्ठ केवळ सालीकडे न राहता लाकडाच्या आत व लाकडामध्येही आढळते. यांच्या जोडीला बागेत लावल्या जाणाऱ्या, मूळच्या दक्षिण अमेरिकेतील संक्रांतवेलीचे उदाहरण घेता येते. तिच्यात परिकाष्ठाच्या पाचरी लाकडात शिरलेल्या असतात. अभ्यासक्रमातील 'बिग्नोनिया' हे प्रसिद्ध उदाहरण याच कुलातील होय.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे. कठीण लाकडाचा अखंड स्तंभ तयार होत नाही, तर कठीण व मऊ ऊतींची सरमिसळ होते. वृक्षाला स्वतःचा भार पेलून वाऱ्यात उभे राहायचे असते, म्हणून त्याला खांबाची रचना उपयुक्त ठरते. वेलीचा भार दुसऱ्याने पेललेला असतो. तिला पिळवटावे, वाकावे लागते आणि आधाराची फांदी मोडल्यास कोसळूनही जिवंत राहावे लागते. अनेक पेडांच्या दोरखंडाप्रमाणे विभागलेले खोड यासाठी अधिक योग्य असते. खोडास इजा झाल्यास मधल्या मऊ पेशी विभागून दुरुस्ती करू शकतात. लाकडात विखुरलेले परिकाष्ठ असल्यास बाहेरील साल सोलवटूनही अन्नवहन पूर्णपणे थांबत नाही. गुळवेलीचे रुंद किरण पिष्टाचा साठाही करतात. वैद्यकात वापरले जाणारे 'गुळवेल सत्त्व' हे मुख्यतः खोडातील पिष्टच होय.

पाण्याच्या वहनाचा प्रश्नही असाच आहे. बारीक खोडातून पानांच्या मोठ्या पसाऱ्याला पाणी पुरवायचे असल्याने वेलींच्या वाहिन्या सामान्यतः रुंद असतात. नळीतील प्रवाह तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, या भौतिक नियमानुसार व्यास दुप्पट झाल्यास प्रवाह सोळापट होतो. रुंद वाहिन्यांत हवेचे बुडबुडे अडकून वहन खंडित होण्याचा धोका अधिक असतो. शर्विन कार्लक्विस्ट यांनी १९८५ मध्ये दाखविल्याप्रमाणे अनेक वेलींत रुंद वाहिन्यांच्या जोडीला अरुंद वाहिन्याही असतात व त्यांमुळे वहनाची सुरक्षितता वाढते.

याच कार्लक्विस्ट यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात 'असंगत' ऐवजी 'कॅम्बियल व्हेरिअंट' म्हणजे 'ऊतककराचे भिन्नरूप' या संज्ञेचा पुरस्कार केला व पुढील संशोधनात ती रूढ झाली. क्र्युगर यांच्या 'तथाकथित' या शब्दातील शंका जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी संज्ञेत उतरली, असे म्हणता येईल.

आजच्या संदर्भात महत्त्व

हा विषय केवळ संज्ञांच्या शुद्धीचा नाही. कोविड-१९ च्या साथीत गुळवेलीचा घरगुती वापर मोठ्या प्रमाणावर वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने, सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केलेली नाही व तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जाती असण्याची शक्यता आहे, असा आक्षेप घेतला. २०२२ मध्ये देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि चर्चा पुढे गेली. गुळवेलीच्या सुरक्षिततेचा निर्णय वैद्यकशास्त्राने करावयाचा आहे. परंतु त्या वादाचा पहिला प्रश्न, 'ही वेल नेमकी कोणती?', हा वनस्पतिशास्त्राचा होता. ज्या खोडाच्या छेदावरून वेलीला 'चक्रलक्षणिका' म्हटले गेले, तो छेद घेऊन पाहण्याची सवय समाजात व अनेकदा वर्गातही उरलेली नाही.

ग्रामीण महाविद्यालयांत असंगत वृद्धीचे प्रात्यक्षिक पुष्कळदा विकत आणलेल्या तयार काचपट्ट्यांवर उरकले जाते. विद्यार्थी 'बिग्नोनिया' ची आकृती काढून तिला नावे देतो. मात्र घराच्या कुंपणावरील वासनवेल त्याच प्रकरणात येते, हे त्याला ठाऊक नसते. 'असंगत' हा शब्दच ही वनस्पती दूरची, दुर्मीळ व अपवादात्मक असल्याची भावना निर्माण करतो.

निष्कर्ष

१. वेलींच्या खोडाची 'असंगती' हा त्या वनस्पतींचा अंगभूत गुण नाही. समशीतोष्ण प्रदेशातील वृक्षांवरून ठरलेल्या मापाचा तो परिणाम आहे.

२. या मापाविषयीची शंका एकोणिसाव्या शतकातच उष्ण कटिबंधात राहणाऱ्या अभ्यासकाने व्यक्त केली होती. वेलीच्या जगण्याशी तिची रचना जोडून पाहिल्यानंतरच ही शंका सिद्ध झाली.

३. दस्तूर यांच्यापासून बडोद्यातील संशोधकांपर्यंत भारतीय अभ्यासाचे बळ परिचित, स्थानिक वनस्पतींचे छेद घेण्यात राहिले आहे.

४. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत गुळवेल, वासनवेल, तोंडली व बोगनवेल यांच्या छाटणीतून मिळणाऱ्या खोडांचे ताजे छेद समाविष्ट करणे शक्य व आवश्यक आहे. त्यासाठी एक पाते, एक काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक एवढीच साधने लागतात.

नांदगावच्या विद्यार्थ्याने कडुनिंबावरून उतरलेल्या गुळवेलीचा तुकडा कापून त्यातील चक्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तर भावमिश्रांच्या नोंदीपासून आजच्या संशोधनापर्यंतचा हा इतिहास त्याच्या हाती येईल. त्यानंतर त्या रचनेला कोणते नाव द्यायचे, हे तो अधिक जाणतेपणाने ठरवू शकेल.